पालखीचे जरतारी आच्छादन सांभाळताना

अंत्रुज महालातील, म्हणजे गोव्याच्या फोंडा भागातील, एका देवस्थानाचे पालखीचे जुने आच्छादन दुरुस्तीसाठी आमच्या पणजीच्या कार्यशाळेत आले, तेव्हा सोबतच्या पत्रात समितीने एकच अपेक्षा लिहिली होती : जत्रेपूर्वी ते नव्यासारखे करून मिळावे. आच्छादनाचा मधला भाग लाल मखमलीचा होता, त्यावर कलाबतूने, म्हणजे जरीच्या धाग्याने, भरलेल्या कोयऱ्या आणि मध्ये मध्ये टिकल्यांची पेरणी होती. चारही बाजूंना अतलसाचा, म्हणजे चकचकीत रेशमी कापडाचा, काठ आणि त्या काठावर रेशमी धाग्यांनी भरलेली वेल होती. वर्षानुवर्षे एकाच घडीत पत्र्याच्या पेटीत राहिल्यामुळे घडीच्या रेघांवरची मखमल झडून खालची सुती वीण उघडी पडली होती, आणि काठाचे अतलस वाळलेल्या केळीच्या पानाप्रमाणे एकाच दिशेने चिरत गेले होते. धरून ठेवणारे टाके तुटल्यामुळे कलाबतूचे धागे जागोजागी सुटून वर आले होते. हे वस्त्र नव्यासारखे होणे शक्य नव्हते, आणि शक्य असते तरी तसे करणे मला योग्य वाटले नसते. परंतु हे समितीला पटवणे आणि प्रत्यक्ष काम पुढे नेणे या दोन्ही गोष्टी त्यानंतर कित्येक महिने एकमेकींत गुंतूनच चालल्या.

गोव्यात जुन्या वस्त्रांच्या संवर्धनाचे काम बहुधा चर्चमधील पूजावस्त्रांशी संबंधित असते. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात अशी वस्त्रे पाहायला मिळतात. हे संग्रहालय १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ मध्ये सांता मोनिकात आले. मकावमार्गे गोव्याच्या बंदरात येणारे चिनी रेशीम, भारतीय कारागिरांचा हात आणि युरोपीय धर्मविधींची गरज या तिन्ही गोष्टी अशा वस्त्रांत एकत्र आलेल्या असतात. मी हे काम मुंबईत शिकले आणि पणजीत एका ज्येष्ठ संवर्धिकेच्या हाताखाली पक्के केले. आम्ही सर्वजण त्यांना बाई म्हणतो. आमच्या देवळांतील वस्त्रे मात्र क्वचितच आमच्यापर्यंत पोहोचतात, कारण देवाचे जुने झालेले वस्त्र विसर्जन करून नवे आणण्याची रीत आहे आणि त्या रीतीत वावगे असे काही नाही. हे आच्छादन वाचले ते केवळ त्यावरील जरीच्या मोलामुळे, असे खजिनदारांनीच मोकळेपणाने सांगितले.

कामाचा पहिला टप्पा बाहेरच्या माणसाला अत्यंत कंटाळवाणा वाटेल असा असतो, कारण त्यात वस्त्राला जवळजवळ हातच लावायचा नसतो. आच्छादनाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची छायाचित्रे घ्यायची, तिरका प्रकाश टाकून कोठे पोत उठला आहे आणि कोठे बसला आहे ते पाहायचे, आणि चिरा, डाग, जुनी रफू, गंजाचे ठिपके आणि सुटलेले धागे यांची वेगवेगळ्या खुणांनी नकाशावर नोंद करायची. आपोआप गळून पडलेले दोन-चार तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, रेशमाचा गुळगुळीत असतो आणि लोकरीवर खवले असतात. त्यावरून कोणता भाग कशाचा आहे ते ठरते. या आच्छादनाच्या मखमलीचे लव, म्हणजे वरचे उभे तंतू, रेशमी आणि पाया सुती निघाला. ही माहिती पुढे फार उपयोगी पडली, कारण रेशीम आणि सूत वेगवेगळ्या वेगाने थकतात आणि एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला मानवेलच असे नसते.

अस्तराच्या कोपऱ्यात कसरीच्या वावराच्या खुणा होत्या, त्यामुळे इतर वस्त्रांशेजारी ठेवण्यापूर्वी आच्छादन गोठवणे भाग होते. कीटकनाशकाची फवारणी रंगांना आणि धातूला घातक ठरू शकते. थंडीने मात्र अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात, फक्त उणे १८ अंशांवर दोन आठवडे किंवा उणे ३० अंशांवर तीन दिवस सलग ठेवावे लागते. प्रश्न जागेचा निर्माण झाला. एवढ्या मोठ्या वस्तूला पुरेल असे शीतगृह गोव्यात सहज मिळते, पण ते मासळीचे! देवाच्या पालखीचे वस्त्र इसवण आणि बांगड्यांच्या शेजारी ठेवण्याची कल्पना समितीपुढे मांडण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणालाही झाले नाही. शेवटी आडवा मोठा फ्रीझर नवा विकत घेतला आणि त्यात दुसरे काहीही ठेवले जाणार नाही असे लेखी दिले. आच्छादन आम्लमुक्त कागदात सैल गुंडाळून, पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद केले, आणि बाहेर काढल्यानंतरही पूर्ण एक दिवस पिशवी उघडली नाही. थंड वस्त्राला गोव्याची दमट हवा लागली असती तर त्यावर तत्काळ दव धरले असते.

सोवळ्या-ओवळ्याचा विषय येथेच निघाला, आणि तो टाळण्यापेक्षा सरळ बोलून घेतला हे बरे झाले. भटजींनी विचारले की कार्यशाळेत काम करणाऱ्या बायकांनी अडचणीच्या दिवसांत काय करायचे, आणि जेवणाच्या डब्यांत शिवराक, म्हणजे शाकाहारी, असते की आणखी काही. बाईंनी शांतपणे सांगितले की कोणतेही अन्न त्या खोलीत येतच नाही, कारण अन्नाबरोबर मुंग्या आणि झुरळे येतात. बाकीच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने द्यावे. भटजींनी विचार करून उत्तर दिले : वस्त्र सध्या देवाच्या वापरातून उतरवलेले आहे, परत येईल तेव्हा संप्रोक्षण, म्हणजे पाणी शिंपडून शुद्धी, होईल, तोवर ते केवळ वस्त्र आहे. इतका व्यवहार्य निर्णय एखाद्या सरकारी खात्याकडून मिळायला वर्ष लागले असते.

स्वच्छतेचे काम पाण्याने होणार नव्हते. ओला टीपकागद मखमलीच्या मागच्या कडेवर दाबून पाहिला, तेव्हा त्यावर गुलाबी छटा उतरली. याचा अर्थ लाल रंग पाण्यात सुटत होता. युरोपातील भिंतीवर टांगायच्या टॅपेस्ट्री, म्हणजे मागावर विणलेली चित्रवस्त्रे, बहुधा लोकरीच्या असतात आणि त्या धुता येतात. बेल्जियममधील मेखेलेन येथे द विट या जुन्या कार्यशाळेत टॅपेस्ट्री सपाट पसरून वरून पाण्याचे व साबणद्रव्याचे तुषार सोडतात आणि खालून ते ओढून घेतात, त्यामुळे सुटलेला रंग शेजारच्या धाग्यात उतरायला सवडच मिळत नाही. आमच्याकडे मखमल, अतलस, जर आणि टिकल्या एकाच वस्त्रावर होत्या, त्यामुळे सर्व काम कोरडेच करावे लागले. नायलॉनची जाळी वस्त्रावर ठेवून, अतिशय मंद ओढीच्या व्हॅक्यूमने आणि मऊ कुंचल्याने लवाच्या दिशेने धूळ काढली. कापूर आणि समईची काजळी तेलकट असल्याने एवढ्याने निघत नाही. तिच्यासाठी रबरी स्पंज वापरतात, पण त्या रबरात गंधक असते आणि गंधक चांदीचा वैरी, म्हणून जरीच्या आसपास मेकअपसाठी मिळणारा कृत्रिम तिकोनी स्पंज टेकवून टेकवून काजळी उचलली. कुंकवाचे डाग तसेच ठेवले. त्यांना पाणी लावले असते तर रंग पसरला असता, आणि खरे सांगायचे तर पालखीच्या वस्त्रावर कुंकू असण्यात वस्त्राची हानी होत नसेल तर ते पुसण्याचा अधिकार आमचा आहे असे मला वाटत नाही.

अस्तर उघडण्याचा निर्णय घेताना बाईंनी बराच वेळ घेतला, कारण अस्तर हाही वस्त्राच्या इतिहासाचा भाग असतो. त्या जाड मांजरपाटावर मुंबईच्या गिरणीचा पुसट निळा शिक्का होता. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे अस्तर निश्चितच त्यानंतरचे. एका कडेची टीप उसवून आम्ही अस्तर बाजूला केले आणि काठाची मागची बाजू प्रथमच दिसली. पुढून वेलीची पाने निळसर राखाडी दिसत होती. मागून तीच पाने गडद पोपटी होती. जुन्या रंगकामात हिरवा रंग निळीवर पिवळा चढवून करीत, आणि हळदीसारखे पिवळे रंग उजेडात लवकर उडतात, नीळ मात्र टिकून राहते. म्हणून जुन्या भरतकामातील आणि टॅपेस्ट्रीतील झाडे पुष्कळदा निळी दिसतात. खजिनदार त्या दिवशी योगायोगाने आले होते. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि विचारले, "बाय, मग ही मागची बाजूच पुढे केली तर?" प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता. पण मागच्या बाजूला धाग्यांच्या गाठी असतात, आणि तो हिरवा रंग टिकला आहे तो उजेड न लागल्यामुळेच. बाहेर काढला की त्याचीही तीच गत होणार.

मागच्या बाजूला आणखीही बरेच काही सापडले. कोणीतरी घाईच्या वेळी लावलेल्या लोखंडी टाचण्या गंजून भोवतालचे सूत तपकिरी आणि ठिसूळ झाले होते. एका कोयरीमागे पांढऱ्या गोंदाचा कडक थर होता. आणि एका कोपऱ्यात लाल सुती दोऱ्याने इतके बारीक, इतके समान रफू केले होते की त्याकडे पाहत राहावे. टाचण्या काढल्या. गोंद ओल्या कापसाच्या वाफेने मऊ करून थोडा थोडा खरवडला. रफू ठेवले. बायो टॅपेस्ट्री या नावाने प्रसिद्ध असलेले अकराव्या शतकातील सुमारे ७० मीटर लांबीचे वस्त्र प्रत्यक्षात लिननच्या कापडावरील लोकरी भरतकाम आहे, आणि त्यावर निरनिराळ्या काळांतील शेकडो ठिगळे आहेत; त्यांनाही आज कोणी हात लावत नाही. जुनी दुरुस्ती वस्त्राला ओढत किंवा कुजवत नसेल, तर ती काढण्याचे कारण उरत नाही. आमच्याकडील रफूगराच्या हातात जे कौशल्य असते त्यापुढे माझे टाके साधेच म्हणावे लागतील. मात्र रफूगर फाटलेले दिसू नये म्हणून काम करतो, आणि आम्हाला फाटलेले आणखी फाटू नये एवढेच पाहायचे असते.

सर्वात मोठा वाद झाला तो जरीवरून. खरी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार रेशमी धाग्यावर गुंडाळलेली असते. सोनेरी जरीत आतला धागा पिवळा ठेवतात, म्हणजे फटीतूनही पिवळेच दिसावे. हवेतील गंधकामुळे चांदीवर सल्फाइडचा काळा थर चढतो आणि मुलामा झिजला असेल तेथे तो आधी दिसतो. समितीतील एका महाजनांचे, म्हणजे देवस्थानाच्या मानकऱ्यांपैकी एकांचे, म्हणणे होते की घरची चांदीची समई चिंचेने घासली की लखलखते, मग याच कामाला एवढे आढेवेढे कशासाठी? बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवून एकच धागा दाखवला. तारेच्या उंच भागावर सोन्याचा अत्यंत पातळ थर, खळग्यांत काळेपणा आणि फटीतून डोकावणारे पिवळे रेशीम. समई भरीव असते, तिची थोडी चांदी गेली तरी चालते. येथे घासले तर आधी सोने जाणार, आणि चिंचेचे आम्ल आतल्या रेशमात मुरून राहणार, जे नंतर कोणालाही धुऊन काढता येणार नाही. महाजनांनी मान डोलावली. पटले असे मात्र म्हणाले नाहीत. आम्ही जरीवर फक्त किंचित ओलसर कापसाचा बोळा, न घासता, लोळवला आणि तेवढ्यावर थांबलो.

आधाराचे कापड रंगवण्यात अपेक्षेपेक्षा अधिक काळ गेला. झडलेल्या मखमलीखाली जे सुती कापड दिसणार, त्याचा रंग भोवतालच्या लालशी जुळायला हवा, पण ते मखमल असल्याचा आव त्याने आणता कामा नये. रंगांची प्रमाणे ग्रॅममध्ये मोजून एकामागून एक नमुने रंगवायचे, रंग सुटणे पूर्ण थांबेपर्यंत धुवायचे, वाळवायचे आणि मग खिडकीच्या उजेडात व दिव्याखाली असे दोन्हीकडे पाहायचे, कारण उन्हात तंतोतंत जुळलेला लाल रंग दिव्याखाली विटकरी दिसू शकतो. पावसाळ्यात नमुने वाळत नाहीत. हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेलेली आणि ६५-७० टक्क्यांपलीकडे बुरशीला मोकळे रान, त्यामुळे आर्द्रता शोषणारे यंत्र दिवसरात्र चालू ठेवावे लागे, आणि वीज गेली की आम्ही सर्व काम झाकून फक्त आर्द्रतेच्या काट्याकडे पाहत बसत असू.

प्रत्यक्ष टाके घालण्याचे काम आषाढाच्या पावसात सुरू झाले. आधाराचे कापड खाली, आच्छादन वर, आणि दोन्ही कीटकशास्त्रात वापरतात तसल्या अतिबारीक पोलादी टाचण्यांनी तात्पुरते अडकवलेले. वस्त्र उचलायचे नसते, म्हणून सरळ सुई चालत नाही. शस्त्रक्रियेत वापरतात तशी वाकडी सुई वरूनच आत जाते आणि वरूनच बाहेर येते. धागा केसापेक्षाही बारीक रेशमाचा असतो. विरळ विणीच्या रेशमी कापडातून तो एकेक करून ओढून काढला तरी चालतो. चिरलेल्या अतलसावर चिरेला आडवा असा एक लांब धागा टाकायचा, आणि त्या धाग्याला काही मिलिमीटरांच्या अंतराने इवल्याशा आडव्या टाक्यांनी धरून ठेवायचे. मग तसाच दुसरा, शेजारी. सुई जुन्या धाग्यांच्या मधून जायला हवी, धागा छेदून नव्हे. हे डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळते : दोन धाग्यांमधून जाणारी सुई अलगद उतरते, आणि धाग्यावर टेकली की तिला किंचित अडल्यासारखे होते. तसे अडले की मागे यायचे. टाका घट्ट झाला तर नव्या धाग्याच्या कडेने जुने रेशीम पुन्हा चिरते, सैल राहिला तर त्याचा उपयोगच होत नाही. यातला ताण कोणी सांगून शिकवू शकत नाही. बाई फक्त शेजारी येऊन बोटाने काठ हलकेच दाबून पाहत आणि काही न बोलता निघून जात, किंवा "हा उसवा" म्हणत.

मखमलीत टाका लपवण्यासाठी सुईच्या टोकाने लव दुभागून मुळाशी शिरावे लागते. सुटलेली कलाबतू परत बसवण्याचे काम मला त्याहून आवडले. तारेचा वेढा वर्षानुवर्षे हवेत लोंबकळत राहिला, तरी मूळ वळणाची आठवण त्याला थोडी असतेच. खालच्या मखमलीत जुन्या टाक्यांची छिद्रेही असतात. छिद्रांच्या ओळीवरून धागा चिमट्याने हलकेच नेला की कोयरीचा बाक पुन्हा दिसू लागतो, आणि त्याच छिद्रांतून पिवळ्या रेशमाचा टाका घालून तो धरता येतो. नवे छिद्र पाडावे लागत नाही. तार जेथे रेशमावरून उलगडून गेली होती तेथे ती पुन्हा गुंडाळली नाही, कारण गुंडाळताना ती मोडते. आहे तशी सपाट ठेवून धरली.

काठावरील वेलीच्या काळ्या रेघेचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. पाने आणि फुले यांच्या कडा मुळात काळ्या रेशमाने रेखलेल्या होत्या. जुना काळा रंग लोह आणि टॅनिन (झाडांच्या सालीतील तुरट द्रव्य) यांच्या संयोगाने होई आणि तोच रंग कालांतराने धाग्याला खातो. त्यामुळे शेजारचे सर्व रंग शाबूत असताना काळी रेघच तेवढी गळून पडलेली असते, आणि हे युरोपातील टॅपेस्ट्रींच्या तपकिरी कडांतही आढळते. आमच्या काठावर काळे रेशीम दोन-तीन ठिकाणी चिमूटभर उरले होते. बाकी सर्वत्र होती ती फक्त छिद्रांची ओळ. समितीने लेखी विचारले की एवढे सगळे करता, तर काळा दोरा भरून का देत नाही, कोणतीही भरतकाम जाणणारी मुलगी ते आठवड्यात करील. करील, यात शंका नाही. पण त्या छिद्रांवरून मूळ कारागिराचा टाका किती लांबीचा होता, तो कोणत्या बाजूने निघाला, कोठे त्याने दोरा बदलला हे आज वाचता येते. त्यांतून नवा दोरा ओवला की ही नोंद कायमची बुजणार, आणि थकलेल्या अतलसावर पुन्हा शेकडो वेळा सुई जाणार. मधला मार्ग म्हणून आम्ही छिद्रांवरून संपूर्ण काठाची रेघ कागदावर उतरवून दिली आणि नवे आच्छादन करून घेताना ती वापरावी असे सुचवले. खजिनदारांना हा तोडगा पसंत पडला, कारण पालखी दर वेळी या जुन्या वस्त्राने सजवता येणार नाही हे तोपर्यंत त्यांनीच समितीला सांगायला सुरुवात केली होती.

चिरलेल्या काठावर शेवटी रंगवलेल्या तलम रेशमी जाळीचे आवरण चढवले आणि आच्छादन परत गेले ते नव्या, घडी न घालता सपाट ठेवता येईल अशा पेटीतून. संप्रोक्षणाच्या वेळी मात्र आमचा जीव वर आला होता, कारण सुटणाऱ्या लाल रंगावर पंचगव्य आणि पाणी शिंपडले गेले असते तर काय झाले असते हे आम्ही टीपकागदावर पाहिले होते. भटजींनी आधीच बोललेले लक्षात ठेवून दर्भाने पेटीच्या झाकणावर प्रोक्षण केले आणि विधी तेवढ्यातच पूर्ण मानला. जत्रेला पालखीवर नवे आच्छादन असते, जुने सभामंडपात काचेखाली ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडणार नाही अशा बेताने थोडा वेळ दर्शनाला ठेवतात. चिंचेचा आग्रह धरणारे महाजन तेथे उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला जर काळी का आहे ते समजावून सांगतात, आणि शेवटी "तरी थोडी उजळली असती तर बरे झाले असते" हेही सांगतात.

समितीकडे दिलेल्या नोंदवहीत प्रत्येक नव्या टाक्याची जागा, धाग्याचा प्रकार आणि रंगांची प्रमाणे लिहिलेली आहेत. आमचे सर्व टाके मूळ रंगापेक्षा एक छटा फिके आहेत, म्हणजे हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत आणि भिंग लावले की ओळखू येतात. गिरणीच्या शिक्क्याचे अस्तर पुन्हा जागेवर लावताना एक बाजू सैल धावदोऱ्याने बंद केली आहे. पुढे कोणाला आत पाहायचे असेल, तर एक दोरा ओढला की ती बाजू उघडते.